बादलीतून पाणी ओढणारा पंप

संघपाल सोनकांबळे यांना गाडी धुवायचं एक मशीन घ्यायचं होतं, आणि ते घेऊन टाकावं असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. हे काय बोलणं झालं, असं कुणीही म्हणेल. वस्तू हवी असली की माणूस दुकानात जातो, पैसे टाकतो, वस्तू उचलून घरी येतो. पण सोनकांबळे साहेबांचं घोडं तिथंच अडलं होतं, आणि ते का अडलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

माणूस मूळचा नांदेडकडचा. विमा कंपनीत नोकरी लागली तसा हैदराबादला आला, मलकपेटला फ्लॅट घेतला आणि इथलाच होऊन गेला. बोलण्यात 'हौ' आलं, 'नक्को' आलं, ताटात गोंगुऱ्याची चटणी आली. एकुलती एक मुलगी विशाखा इथंच शिकली, इंजिनियर झाली आणि लग्न करून नवऱ्याबरोबर, हर्षदबरोबर, नेदरलँड्सला गेली. नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरात दोघंच उरली, हे आणि बायको गीता. आणि या जानेवारीत गीताही गेली. सकाळी छातीत जळजळतंय म्हणाली, यांनी गाडी काढून दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. आजारपण नाही, उशापायथ्याशी बसणं नाही, काही नाही.

गीता होती तोवर फोन हे तिचं खातं होतं. मुलीचा फोन आला की ती ओट्याला टेकून तासभर बोलायची. तिकडच्या थंडीपासून इकडच्या भाजीपर्यंत सगळं बोलून व्हायचं, आणि अगदी शेवटी ती म्हणायची, घे, पप्पांशी बोल. मग फोन सोनकांबळ्यांच्या हातात. ते म्हणायचे, काय विशाखा, ठीक ना? बरं. थंडी आहे का? बरं. आणि फोन परत. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. बाप म्हणजे पाकिटावर शेवटी चिकटवायचं तिकीट. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही, कारण बाकीचं सगळं आईच्या तोंडून बापाला कळतच असतं. गीता गेल्यावर सोनकांबळ्यांच्या लक्षात आलं, की लेकीशी सरळ बोलायची आपल्याला सवयच लागलेली नाही.

विशाखा रोज फोन करायची, त्यात तिची काही कसूर नाही. तिकडं ऑफिस सुटलं की घरी जाताना रेल्वेतून करायची. इकडं तोवर यांचं जेवण उरकलेलं असायचं. जेवलात का? हौ. गोळी घेतली? हौ. बाकी ठीक? ठीक. की मग दोघंही गप्प. रेल्वेचा आवाज तेवढा ऐकू यायचा. ठेवू मग? ठेव. झाला फोन! आणि फोन ठेवला की घर अंगावर यायचं. सोनकांबळ्यांना फार एकटं वाटायचं, आणि हे सांगायचं तरी कुणाला, तर जिला सांगावं तीच गेली होती. पुढं पुढं रोजचा फोन एक दिवसाआड झाला. तेव्हा मात्र माणूस मनातून घाबरला. आज एक दिवसाआड, उद्या आठवड्यानं, मग सणासुदीला, असं होत होत एक दिवस आपण नुसते फोनकडं बघत बसणार, हे त्यांना स्वच्छ दिसायला लागलं.

आणखीही एक गोष्ट होती. दवाखान्यात जाताना गीता गाडीत काहीतरी बोलली होती. शेवटचंच म्हणायचं ते, कारण नंतर तिला आत नेलं ते नेलंच. माणसं जमली तेव्हा गीताच्या धाकट्या बहिणीनं, सखूनं, सगळ्यांसमोर विचारलं होतं, दाजी, ताई शेवटी काही बोलली का ओ? सोनकांबळे म्हणाले, नाही, शांत होती. कारण ती जे बोलली ते इतकं साधं होतं की चार माणसांत सांगायची लाज वाटावी. लोकांना शेवटचं बोलणं जरा भारदस्त लागतं. विशाखानं तर विचारलंच नाही. ती दोन दिवसांनी पोचली, दहा-बारा दिवस राहिली, घर आवरून दिलं आणि गेली. तिनं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही, आणि ते वाक्य यांच्यापाशीच राहिलं.

तर मशीन. झालं असं, की चौदा एप्रिल आली. दरवर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी सोनकांबळे गाडी धुऊन लख्ख करायचे, पुढं छोटा निळा झेंडा लावायचे. सकाळी गीता पांढरी साडी नेसून शेजारच्या सीटवर बसायची, दोघं टँकबंडला पुतळ्यापाशी जाऊन यायची आणि येताना कोठीला थांबून इडली खायची. यंदा सोनकांबळे बसनं गेले आणि बसनं आले. इडली काही खाल्ली नाही. गाडी जानेवारीपासून सेलारमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या तळघरात, उभी होती ती तशीच होती. धुळीचा जाड थर चढला होता, बॉनेटवर मांजराच्या पावलांची रांग उमटली होती. वॉचमन यादगिरीनं दोनदा विचारलं, सार, गाडी विकायची आहे का? सोनकांबळ्यांनी नाही म्हटलं, पण पुढं काय करायचं ते त्यालाही सांगितलं नाही.

त्या रात्री फोनवर नेहमीसारखं गप्प व्हायची वेळ आली, आणि ते त्यांच्यानं सोसवेना. म्हणून त्यांनी आपलं काहीतरी काढलं. गाडी फार घाण झालीय म्हणाले. बोअर आटलाय, टँकर मागवावे लागतात, म्हणून बिल्डिंगच्या असोसिएशननं पाइप लावून गाडी धुवायला बंदी केलीय. खाली प्लगही नाही. बादली आणि फडकं घेऊन धुवायची तर आता कंबर वाकत नाही.

आणि बघा, पलीकडून पोरगी बोलायला लागली! म्हणाली, पप्पा, त्याला कॉर्डलेस प्रेशर वॉशर मिळतो, तो घ्या. बॅटरीवर चालतो, ड्रिल मशीनसारखा हातात धरायचा. त्याची नळी साध्या बादलीत सोडायची, की बादलीतलंच पाणी ओढून तो जोरात मारतो. दोन बादल्यांत गाडी स्वच्छ, वाकायला नको, प्लग नको, असोसिएशनला बोलायला जागा नको. हर्षद इकडं सायकली त्यानंच धुतो. ती सांगत राहिली, तिचं स्टेशन आलं, ती उतरली, चालत घरी निघाली तरी सांगत होती. शेवटी म्हणाली, थांबा, घाई करू नका, मी उद्या बघून सांगते.

उद्या बघून सांगते. गीता गेल्यापासून या घरात उद्याचं कुणी काही बोललंच नव्हतं. सोनकांबळे फोन ठेवून कितीतरी वेळ नुसते बसून राहिले, आणि त्यांना बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून माणूस नव्यानं नोकरीला लागल्यासारखा कामाला लागला. सकाळी चहा झाला की चष्मा लावून फोनवर प्रेशर वॉशरचे व्हिडिओ बघायचे, खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायचं, आणि त्यातून रात्रीच्या फोनसाठी एक प्रश्न काढून ठेवायचा. एकच. एका दिवशी दोन प्रश्न खर्च करायचे नाहीत, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम. बार म्हणजे काय गं? मग पाण्याचा जोर पंचवीस बार पुरेल की चाळीस लागेल? जोर जास्त असला तर रंग निघतो का? बादलीतून ओढताना नळीत हवा धरली तर काय करायचं? बॅटरी एक पुरे की दोन? काही ठिकाणी मशीन स्वस्त दिसतं आणि बॅटरी वेगळी घ्यावी लागते, ते कसं ओळखायचं? नळी पाच मीटरची घ्यावी की आठ?

विशाखाला असल्या गोष्टींची मुळातच आवड. ती मन लावून सांगायची, फोटो पाठवायची, दोन मशीनं शेजारी ठेवून फरक दाखवायची. एकदा सोनकांबळ्यांनी मोठ्या विश्वासानं सांगितलं, की एक मशीन तर एकशे नव्व्याण्णव व्होल्टचं आहे. ती खदखदून हसली. म्हणाली, तो नुसता स्टिकर आहे पप्पा, व्होल्ट नाहीत, असले आकडे कुणीही छापतं. तिचं हसणं हुबेहूब गीताचं. सोनकांबळ्यांना वाटलं, अजून एखादी अशी चूक करावी. पण मुद्दाम चुका करणं त्यांना जमेना, आयुष्यभर कागदपत्रं तपासण्यात गेलं होतं.

एक दिवसाआडचा फोन परत रोजचा झाला.

दुपार खायला उठायची म्हणून ते बसनं कोठीला जाऊ लागले. तिथं ट्रूप बाजारात नळाच्या, पंपाच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत. त्यातल्या एका दुकानाचे मालक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. पहिल्या दिवशी त्यांनी चहा पाजला, रस्त्यावर बादली ठेवून मशीन चालवून दाखवलं, समोर उभ्या असलेल्या एका रिक्षाचं चाक धुऊन दिलं. दुसऱ्या खेपेला नळी दाखवली, पाणी गाळायची जाळी दाखवली, फेसाची बाटली लावून दाखवली. सोनकांबळ्यांनी सगळं हाताळून बघितलं, मान डोलावली आणि विचार करून सांगतो म्हणून निघाले. तिसऱ्या खेपेला त्या गृहस्थांनी काउंटरवरूनच विचारलं, "साब, आज लेने आए, या मिलने?"

सोनकांबळ्यांचे कान लाल झाले. मग खरं तेच तोंडातून गेलं. "मिलनेइच समझो."

मालकांनी एक स्टूल पुढं सरकवलं. त्या दिवशी मशीनचं नावही निघालं नाही. येताना सोनकांबळे सुलतान बाजारातून चालत निघाले. ज्या दुकानात गीता ब्लाऊजपीसचे गठ्ठे उपसून दुकानदाराला भंडावून सोडायची आणि हे बाहेर पिशव्या धरून चरफडत उभे राहायचे, त्या दुकानाच्या बाहेर ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. हातात पिशवी नव्हती. आतल्या पोरानं विचारलं, काय पाहिजे सर, तेव्हा ते पुढं निघाले.

पण बोलून बोलून माणूस एका पंपाबद्दल बोलणार किती? मे महिना लागला आणि प्रश्न संपत आले. विशाखानं गाळून गाळून तीन मशीनं ठेवली, त्यातून दोन, आणि मग एकच उरलं. सोनकांबळे त्यातही खुसपट काढायचे. रंग फार भडक आहे. वजन जास्त वाटतं. हैदराबादेत दुरुस्ती कोण करणार? तिनं त्या सगळ्याचीही उत्तरं शोधून दिली. तेव्हा मग ते जुनेच प्रश्न परत काढू लागले. बार म्हणजे नक्की काय म्हणालीस गं तू?

"पप्पा, हे आपण बोललो होतो," ती एकदा म्हणाली.

"हौ का? विसरलो बघ."

विसरले काही नव्हते. पंचवीस बार, चाळीस बार, सगळं तोंडपाठ होतं. पण पलीकडून तिनं आवाज बदलून विचारलं, गोळ्या वेळेवर घेताय ना, झोप होते ना, नावंबिवं आठवतात ना. सोनकांबळ्यांना वाईट वाटलं. पोरीला उगीच घोर लावला. तरी खरं काही सांगवेना. काय सांगणार? तुझा आवाज ऐकायला मिळतो म्हणून मी मशीन घेत नाही? असं बोलायची या घरात रीतच नव्हती.

मग एका रात्री ती घरूनच बोलत होती. मागून हर्षदचा आवाज आला, त्यानं काहीतरी विचारलं. तिनं फोनवर हात ठेवला असेल, पण नीट ठेवला नसेल, कारण सोनकांबळ्यांना सगळं ऐकू आलं. "पंपच अजून. थांब, आज ऑर्डरच करून टाकते आणि मोकळी होते."

मोकळी होते! सोनकांबळ्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. ती काही वाईट अर्थानं बोलली नव्हती, दिवसभर राबून आलेलं माणूस असंच बोलतं, हे त्यांनाही कळत होतं. कळून काय उपयोग, लागायचं ते लागलंच. दहाएक मिनिटांत तिनं आनंदानं सांगितलं की झालं पप्पा, पैसे भरले, परवा घरी येईल, आता तुमच्या डोक्याला ताप नाही. सोनकांबळे म्हणाले, बरं केलंस. त्यांचा आवाज नीट लागला असावा, कारण तिनं काही विचारलं नाही.

खोकं आलं. कुरिअरवाल्यानं दाराशी ठेवलं, यादगिरीनं आत आणून दिलं. सोनकांबळ्यांनी ते गीताच्या शिलाई मशीनशेजारी ठेवलं, वर तिची जुनी चादर टाकली, आणि उघडलं नाही. रात्री विशाखानं विचारलं, आलं का? ते म्हणाले, नाही आलं अजून. दुसऱ्या दिवशीही नाही आलं. तेवढेच दोन फोन पदरात पडले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पप्पा, इकडं तर पोचलं म्हणून दाखवायलंय. दाराशी ठेवल्याचा फोटो पण आहे. चपला तुमच्याच आहेत."

आता काय करता? सोनकांबळ्यांनी वेळ मारून न्यायला यादगिरीचं नाव घेतलं. त्यानं दारातून उचलून खाली नेऊन ठेवलं असेल, सांगायला विसरला असेल. बिचाऱ्या यादगिरीवर नसती बिलामत. विशाखा म्हणाली, रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते, तुम्ही धुवा, मी बघते. आपण दोघं मिळून करून टाकू.

रविवारी सोनकांबळे खोकं घेऊन सेलारमध्ये उतरले. दोन बादल्या भरून घेतल्या. फोन शेजारच्यांच्या स्कूटरच्या सीटवर, पाठीमागं वीट लावून उभा केला. पलीकडं विशाखा उशीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, हातात कॉफी; तिकडं नुकतं उजाडत होतं. ती सांगत गेली तसं यांनी बॅटरी खटकन बसवली, नळी जोडली, तिचं जाळीचं तोंड बादलीत बुडवलं आणि खटका दाबला. मशीन आधी कोरडंच घुरघुरलं, मग नळी पाण्यानं भरली आणि पांढरी धार सुटली.

जानेवारीपासूनची धूळ चिखल होऊन खाली यायला लागली. आधी टप, मग मागची काच, मग बॉनेट. मांजराची पावलं गेली. वरून खाली या पप्पा, विशाखा सांगत होती, जरा लांब धरा, चाकं शेवटी. डाव्या दरवाज्यापाशी, गीता बसायची त्या बाजूला, सोनकांबळे थोडे थांबले. विशाखालाही ते दिसलं असावं, कारण तीही सांगायची थांबली. मग त्यांनी तो दरवाजाही धुतला. दुसरी बादली अर्धी उरली होती, बॅटरीचे दिवे अजून जळत होते, आणि गाडी पांढरी शुभ्र झाली होती. एप्रिलपासून चाललेला विषय दीड बादलीत संपला.

विशाखानं टाळ्या वाजवल्या. म्हणाली, बघा, किती सोपं होतं, उगाच इतके दिवस घालवले. सोनकांबळे हौ म्हणाले. त्यानंतर दोघांनाही बोलायला काही राहिलं नाही. गाडीखालून पाणी वाहत जाळीकडं चाललं होतं. आधीच्या रोजच्या फोनसारखाच हाही फोन गप्प झाला, फक्त आता एकमेकांची तोंडं दिसत होती. ती म्हणाली, "बरं मग पप्पा, ठेवू?"

"विशाखा," सोनकांबळे म्हणाले, "आता मी तुला काय विचारू?"

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. हातात ते मशीन तसंच धरून, गाडीकडं बघत सांगितलं, तिच्याकडं बघून सांगणं जमलं नसतं. हेच मशीन पहिल्या आठवड्यातच पसंत पडलं होतं. विसरायला काहीही झालेलं नाही, बार काय असतो ते ट्रूप बाजारातल्या लोकांना शिकवीन इतकं येतं. खोकं आलं त्या दिवसापासून घरात होतं, यादगिरीचा काही दोष नाही. "पंपाचं विचारलं की तू बोलायचीस. म्हणून विचारायचो. आता उद्या काय बोलायचं मला माहीत नाही. तुझ्या मम्मीला माहीत असायचं. मला एकट्याला करमत नाही गं."

पडद्यावर विशाखा हलली नाही. फोन अडकला की काय असं त्यांना वाटलं. मग तिनं कप बाजूला ठेवला.

"पप्पा, मला विचारायचं होतं," ती म्हणाली. "मी इकडं परत आले तेव्हापासून. रोज ट्रेनमध्ये बसले की ठरवायचे, आज विचारायचं. आणि तुम्ही पंपाचं काढायचात. मला वाटलं, मम्मीचं बोलणं तुम्हाला सहन होत नाही, म्हणून पप्पा पंप पंप करायलेत. म्हणून मीही पंपाचंच बोलत राहिले."

सोनकांबळ्यांनी रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. मशीन मांडीवर ठेवलं. "विचार," ते म्हणाले.

"गाडीत मम्मी काही बोलली?"

"बोलली. चादरघाटच्या सिग्नलला आपण थांबलो होतो. म्हणजे आम्ही दोघं. तिनं काचेतून बाहेर बघितलं, काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, अहो, विशाखा यायच्या आधी गाडी धुऊन घ्या. पोरीला एअरपोर्टवरून असल्या गाडीत आणायचं का? तू फेब्रुवारीत येणार होतीस ना. मी म्हणलं, धुतो."

विशाखा रडायला लागली. तोंड फिरवलं नाही, फोन बाजूला केला नाही, लहान पोर रडतं तशी समोर बसून रडली. सोनकांबळ्यांनाही आवरेना. यादगिरी पाण्याची मोटर बंद करायला खाली आला होता, तो हे बघून पायरीवरूनच परत वर गेला. बऱ्याच वेळानं तिनं बाहीनं नाक पुसलं आणि विचारलं, मग इतके दिवस गाडी धुतली का नाही? सोनकांबळे म्हणाले, तू टॅक्सीनं आलीस, मग कुणासाठी धुवायची?

त्यानंतर ती विचारतच सुटली. मम्मीनं सीटबेल्ट लावला होता का? लावला होता, स्वतःच लावला. कोणती साडी होती? साडी नाही, तो हिरवा पंजाबी ड्रेस, तू आणलेला. फार दुखत होतं का? म्हणाली नाही, पण एका हातानं वरची कडी धरून बसली होती. घाबरली होती? मी घाबरलो होतो, ती नाही. सोनकांबळ्यांनी एकेक प्रश्न जपून जपून वापरला होता, आणि ही एका दमात सगळे काढत होती. त्यांना एकाचंही उत्तर शोधावं लागलं नाही. सगळं तिथंच होतं, कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

"त्या दिवशी सकाळी तिनं काय केलं होतं?" विशाखानं विचारलं. "जेवायला?"

"आंबट चुका. डाळ घालून. कढईतच राहिला होता."

"मग टाकून दिला?"

"टाकतो कशाला? दुसऱ्या दिवशी सगळी माणसं आली, शेजाऱ्यांनी डबे आणले होते. मी आत गेलो आणि ओट्यापाशी उभा राहून सगळा खाल्ला. कढई पुसून खाल्ली. कुणाला दिला नाही."

तिनं बाजूला ठेवलेला कप परत हातात घेतला. मग तिनं विचारलं, "मीठ बरोबर होतं?"

"जरा जास्त झालं होतं," सोनकांबळे म्हणाले.